धुळीच्या रंगाचं कापड

बाबा गेले त्यानंतरच्या वर्षात आमच्या घरात कोणी धड बसत नव्हतं.

बसायला जागा नव्हती असं नाही. बैठकीत सोफा होता. व्हरांड्यात बाबांची लोखंडी खुर्ची होती आणि तिच्या शेजारी आईचा बसायचा बुटका वेताचा मोढा. पण आई चहा स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून उभ्यानंच प्यायची. मी पुस्तक घेऊन सोफ्यावर बसायचे आणि दोन पानं उलटली की उठायचे. पाणी प्यायला, फाटक लावलंय का पाहायला, काहीच नाही तर पंखा कमी करायला. पुस्तक उलटं घालून ठेवलेलं तसंच राहायचं. पुण्याहून भावाचा फोन यायचा, तोही चालता चालता. त्याच्या चपलांचा आवाज मला इकडे ऐकू यायचा.

भावाचं म्हणणं एकच होतं. वर्षश्राद्ध झालं की आईला पुण्याला न्यायचं आणि स्मृति नगरचं हे घर विकायचं किंवा भाड्यानं द्यायचं. मी जवळपास एखादी लहान जागा पाहावी. "ताई, तू दिवसभर ड्युटीवर. ती घरात एकटी. अकेली काय करते ती?" मी एका शाळेच्या ग्रंथालयात काम करते, पण भिलाईसारख्या पोलाद कारखान्याच्या गावात वाढलेल्या माणसाला सगळ्या नोकऱ्या ड्युटीच वाटतात. तो चुकीचं बोलत नव्हता. आईला त्यानं विचारलंही होतं. आई म्हणाली होती, वर्ष होऊ दे, मग पाहू. मलाही तिनं तेवढंच सांगितलं होतं.

मी तिला थांब म्हणणार नव्हते. म्हटलं असतं तर ती थांबली असती, पण माझ्यासाठी. तिला स्वतःला काय हवंय ते मला कळायला हवं होतं. आणि आई अशी बाई, की पानात भाजी कमी पडली तरी आपल्याला भाजी आवडतच नाही असं म्हणून मोकळी होते. तिच्याकडून सरळ उत्तर मिळणं कठीण. म्हणून मी तिच्या बारीकसारीक गोष्टींवर नजर ठेवायला लागले. तुळशीची कुंडी बदलायची म्हणाली, तर राहणार. जुन्या साड्या वाटून टाकायला काढल्या, तर जाणार. दिवसातून अनेकदा माझं मन या टोकाहून त्या टोकाला जायचं आणि तिला त्याचा पत्ताही नसायचा.

अशात सोफ्याचं कापड फाटलं. पुढच्या काठावर, जिथं बसणाऱ्याच्या गुडघ्याची लवण येते तिथं, आधी धागे उभे राहिले आणि मग आतला पिवळा फोम दिसायला लागला. मी म्हटलं, बदलून घेऊ. आईनं मान हलवली.

"वर्षभर घरात नवं काही आणाचं नाही."

हा नेम तिनं फार कडक पाळला होता. सण नाही, नवं लुगडं नाही, भांडं नाही. झाडू झिजला तर तो सुतळीनं आवळून चालवत होती. मी म्हटलं, आणायचं नाही, नुसतं पाहून ठेवायचं, आणायचं वर्षश्राद्धानंतर. त्यावर ती म्हणाली, पाहाले काय हरकत हाय, पाहून ठेव.

एवढ्या परवानगीवर मी बाहेर पडले.

पॉवर हाऊस भागातल्या बाजारात सोफ्याच्या कापडाची दुकानं आहेत. पहिल्याच दुकानात मालकानं तीन-चार ठाण उलगडून माझ्यासमोर टाकले आणि सहज विचारलं, "चलाना कितने साल है, दीदी? तीन साल वाला भी है, दस साल वाला भी."

मी कापडावर हात फिरवत राहिले. वर्षश्राद्धानंतर त्या सोफ्यावर कोण बसणार होतं? आई पुण्याला गेली तर घर राहणार नाही, आणि सोफा मी कुठे ठेवणार? तीन वर्षांचंही कापड जास्त होतं. आणि ती राहिली, तर दहा वर्षांचं कापड घेणं हे मला त्या क्षणी इतकं मोठं धाडस वाटलं, की मी घाबरून दोन्हींचे नमुने मागितले. त्याला वाटलं, चिवट गिऱ्हाईक आहे. त्यानं कात्रीनं चौकोनी तुकडे कापून दिले.

त्यानंतर ते व्यसनच लागलं. शाळा सुटली की मी थेट घरी जायचे नाही. या दुकानातून दोन तुकडे, त्या दुकानातून चार. कुठं गेलं तरी पर्समध्ये चिंध्या. ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं लावताना एखाद्या जुन्या बांधणीच्या पुठ्ठ्यावरचं कापड दिसलं, की मी त्याची वीण बोटानं पाहत उभी राहायचे. काही वाचलंही. वाचणं हा माझा नेहमीचा उपाय. जे दुखतं त्याच्याबद्दल वाचता येत नसेल तर शेजारच्या कशाबद्दल तरी वाचायचं.

हळूहळू कळत गेलं. घरातल्या कापडाचा शत्रू घासणं आहे, बाहेरच्या कापडाचा शत्रू ऊन. घरात घट्ट विणीचं हवं. नमुना उजेडासमोर धरला आणि विणीतून उजेड झिरपला, की ते बसणाऱ्याच्या घासण्यानं लवकर विरणार. शेनिल, म्हणजे लवदार धाग्याचं कापड, हाताला मऊ लागतं, पण त्याचे धागे नखात अडकतात. मखमल दिसते राजेशाही, पण आमच्याकडच्या उन्हाळ्यात तिच्यावर बसलेला माणूस उठतो तेव्हा पाठीला घाम असतो. रेक्झिन पुसायला सोपं, पण उन्हात तापतं, चिकटतं आणि एक दिवस तळहातासारख्या रेघा पडून फुटतं. बाबांच्या खुर्चीच्या गादीवरचं रेक्झिनही असंच फुटलं होतं, म्हणून व्हरांड्यासाठीही कापड पाहायचं होतं. त्यासाठी एक धागा उसवून मधोमध तोडावा. आतही तोच रंग असला तर सूत रंगवून मग विणलं आहे, ते टिकतं. आत पांढरं दिसलं तर रंग नुसता वरून बसलाय, एक उन्हाळा पुरे. आणि कापड कितीही चांगलं असलं तरी शिलाईचा धागा सुती असेल तर बाहेर आधी तोच कुजतो.

ऊन तर आमच्याकडे फुकट होतं. मी व्हरांड्याच्या कठड्यावर सगळे नमुने ओळीनं मांडले आणि प्रत्येकाच्या अर्ध्या भागावर फरशीचा एकेक तुकडा ठेवला. अर्धं उन्हात, अर्धं झाकलेलं. फाल्गुनापासून ही ओळ तिथं होती. रोज सकाळी मी एकेक फरशी उचलून पाहायचे, आत आणि बाहेर रंगात फरक पडलाय का. एकदा आई मागे येऊन उभी राहिली.

"लोकं पापड वाळू घालते. माही पोरगी चिंध्या वाळू घालून राहिली."

मी म्हटलं, आई, टिकाऊ कुठलं ते पाहतेय. ती म्हणाली, "पाह्य पाह्य," आणि आत गेली. मी तेही लक्षात ठेवलं. टिंगल करणारा माणूस जायच्या विचारात नसतो. मग वाटलं, की जायचं नक्की झालेला माणूसच निश्चिंतपणे टिंगल करतो. फरशी पुन्हा ठेवताना ती माझ्या हातून सुटली आणि फुटली.

रंगाचा प्रश्न मात्र मला पडला नव्हता. तो बाबांनी कायमचा सोडवून ठेवला होता. धुळीच्या रंगाचं कापड घ्यायचं.

आम्ही आधी मरोद्याला, बाबांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. तिथल्या घरांचा एक नेम होता, जो कोणी कुठं लिहिलेला नव्हता. ड्युटीवरून आलेला माणूस आधी व्हरांड्यात बसायचा. ड्युटीच्या कपड्यांनी आत सोफ्यावर बसायचं नाही. त्यासाठी प्रत्येक व्हरांड्यात एक खुर्ची असायची, तिला ड्युटीची खुर्चीच म्हणायचे. माणूस तिच्यावर बसून बूट काढायचा, पाणी प्यायचा, थोडा वेळ नुसता समोर पाहायचा, मग अंघोळीला जायचा आणि त्यानंतर घरातला होऊन बैठकीत यायचा. लहानपणी शिफ्ट सुटल्यावर रस्त्यानं गेलं, की दर व्हरांड्यात एकेक माणूस एकेका खुर्चीत बसलेला दिसायचा. कोणी कोणाशी बोलत नसायचं.

त्या खुर्चीचं आणि सोफ्याचंही कापड सगळ्यांकडे एकाच रंगाच्या घराण्यातलं. तपकिरी, राखाडी, कॉफी, गंजका. कारखान्याची धूळ दिसू नये म्हणून. एखाद्या नव्या नवरीनं हौसेनं मोतिया रंगाचे अभ्रे घातले, की शेजारणी म्हणायच्या, पाहू किती दिवस. बाबा दुकानात गेले की फार वेळ लावायचे नाहीत. घरच्या कठड्यावरची धूळ बोटाला घेऊन आल्यासारखं दुकानदाराला बोट दाखवायचे, या रंगाचं द्या म्हणायचे.

बाबा निवृत्त झाल्यावर आम्ही स्मृति नगरला आलो आणि ती लोखंडी खुर्ची बरोबर आली. ड्युटी संपली, तरी बाबांचा नेम संपला नाही. बाजारातून आले तरी आधी खुर्ची. संध्याकाळी चहासुद्धा तिथंच. आई शेजारी मोढ्यावर बसायची, त्यांच्या खांद्याच्या खाली, आणि दोघं रस्ता पाहायचे. मला आठवतं तसं बाबा आतल्या सोफ्यावर क्वचितच बसले. शेवटचे ते सोफ्यावर टेकले ते दवाखान्यात न्यायला गाडी येईपर्यंत. त्यानंतर आईनं संध्याकाळी व्हरांड्यात यायचं सोडलं. मोढा मी दोनदा पुसून ठेवला. ती त्याला वळसा घालून जायची.

चैत्र संपत आला तेव्हा माझं ठरलं. व्हरांड्यासाठी सूत रंगवून विणलेलं जाड कापड, गंजक्या तपकिरी रंगाचं. दोन महिन्यांच्या उन्हात त्याचा झाकलेला आणि उघडा भाग सारखाच राहिला होता. सोफ्यासाठी घट्ट विणीचं, कॉफीच्या रंगाचं. दोन्ही पुष्कळ वर्षं चालतील अशी. बाबा असते तर त्यांनीही हीच उचलली असती, याचं मला समाधान होतं. मी ते दोन तुकडे घेऊन आईपुढे गेले. ती मेथी निवडत होती, उभ्यानंच.

तिनं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. म्हणाली, "तुले पटते ते घे."

मला इतकं वाईट कशानंच वाटलं नव्हतं. ज्याला घरात राहायचं असतं त्याला मत असतं. त्याला रंग आवडतो किंवा आवडत नाही. जो निघायच्या वाटेवर असतो तोच म्हणतो, तुला पटेल ते घे. संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हा मी हे त्याला सांगून बसले. तो चालायचा थांबला. म्हणाला, "बघ ना ताई. तिचं मन निघालंय तिथून. आपणच धरून बसलो." त्याचा आवाज मऊ होता. तो जिंकल्यासारखा बोलला असता तर मला भांडता आलं असतं.

तरी मी सोफेवाल्याला माप घ्यायला बोलावलं. का बोलावलं ते मलाही सांगता येणार नाही. ठरवलेली गोष्ट अर्धी सोडवत नाही, एवढंच.

सोफेवाल्याचं दुकान खुर्सीपारला होतं. बुटका, बडबड्या माणूस. तोंडात खिळे धरून बोलायची सवय, त्यामुळे खिळे नसले तरी ओठांच्या कोपऱ्यातून बोलायचा. आल्या आल्या त्यानं माझे दोन्ही नमुने नाकारले. मखमल लावा म्हणाला, आजकाल सगळे मखमल लावतात. व्हरांड्यातही लावा, वरून प्लास्टिक चढवून देतो. मी नको म्हटलं. त्यानं सोफ्याचं माप घेतलं, मग व्हरांड्यात आला आणि बाबांच्या खुर्चीवर मी काही म्हणायच्या आत बसला. त्याचे पाय जमिनीला टेकले नाहीत. त्यानं ते हलवून पाहिले.

"दीदी, ये कुर्सी है कि मचान?"

दारात हसण्याचा आवाज झाला. आई तिथं येऊन उभी होती. ती हसली होती, आणि मी तिचं हसू इतक्या दिवसांनी ऐकलं की मी आधी तिच्याकडे नाही, रस्त्याकडे पाहिलं, दुसरं कोणी आलं की काय म्हणून.

"म्हणून त मी कधी बसली नाही तिच्यावर," ती म्हणाली. "पाय लोंबकळते."

मी इतके महिने समजत होते की ती खुर्ची बाबांची म्हणून आई तिच्यावर बसत नाही.

सोफेवाला उतरला. खुर्चीची बसायची फळी खालून सोडवून त्यानं ती जमिनीवर उलटी ठेवली आणि खिळे उपटायला लागला. सगळ्यात वर फुटलेलं तपकिरी रेक्झिन होतं. ते निघालं तर खाली जाडं राखाडी कॅनव्हास. तेही निघालं, तर फोमचा एक थर आणि कॉफीच्या रंगाचं कापड. त्याची कड उचलली तर खाली आणखी एक, मरोद्याचं, ते मी ओळखलं. बाबा कापड बदलताना जुनं कधी काढत नसत. सुट्टीच्या दिवशी हातोडी घेऊन बसायचे आणि जुन्यावरच नवं ठोकायचे. आत काही बिघडलं नाही, कशाला काढायचं, असं म्हणायचे. दर वेळी खुर्ची थोडी उंच होत गेली होती. ते उंच होते, त्यांना कळलंही नसेल.

प्रत्येक थर निघताना मधून धूळ पडत होती. काळी, बारीक, उजेडात जराशी चमकणारी. आणि खालची कापडं वरून धड दिसत असली तरी कड ओढली की फाटत होती. त्या धुळीनं धागे आतल्या आत कापून काढले होते. व्हरांड्याच्या फरशीवर तिची रेघ झाली. ते थर सगळे काढू नयेत असं मला वाटत होतं. मी सोफेवाल्याला म्हणाले, खालची दोन राहू द्या, वरची तेवढी काढा.

आई चप्पल घालून व्हरांड्यात आली. वाकली आणि त्या रेघेतून बोट फिरवलं. बोट माझ्यासमोर धरलं.

"वरून दिसली का कधी?"

मी नाही म्हटलं.

"तुया बाबाले धूळ दिसली का चिडचिड होये त्याईची. म्हणून धुळीच्या रंगाचं. जनमभर तेच आणलं घरात. मले दिसली पाहिजे. दिसली त पुसता येते." मग सोफेवाल्याला म्हणाली, "सब निकालो. खाली फळी तक."

मी म्हटलं, "मग मला आधी का नाही सांगितलंस? तुला पटेल ते घे म्हणालीस."

"तू बाबाचा रंग घेऊन आली. त्याच्यावर का बोलू?"

ती कठड्यापाशी गेली. माझी दोन महिन्यांची ओळ तिनं पहिल्यांदाच नीट पाहिली. एकेक फरशी उचलली, खाली ठेवली. सगळ्यात शेवटी एक ताकाच्या रंगाचा तुकडा होता. दुकानदारानं तो न मागता दिला होता आणि मी तो ओळीत नुसता ठेवून दिला होता, त्याचा विचारही केला नव्हता. वीण घट्ट होती, सूत रंगवलेलंच होतं, पण रंग असा, की आमच्याकडे कोणी घेणार नाही. उघडा अर्धा भाग धुळीनं काळवंडला होता. आई तो घेऊन आत गेली. मोरीत नळाचा आवाज आला, मग ब्रशचा. ती परत आली तेव्हा तुकडा पिळलेला होता आणि दोन्ही बाजू सारख्या झाल्या होत्या.

"हा. बाहेरही हाच आणि अंदरही हाच."

मी ग्रंथालयात बोलते तशा आवाजात सांगायला लागले, की सोफ्यावर इतका फिका रंग लवकर मळेल. तिनं मला पुरं बोलू दिलं नाही. सोफेवाल्याकडे वळून म्हणाली, चेन लावून काढता-घालता येतील अशा खोळी शिवा. आणि दोन जोड.

"दो जोड़ी काहे को, अम्मा? खर्चा डबल."

"एक धुवाले टाकला त दुसरा नको? बरसात में सूखता है क्या तुम्हारे इधर?"

सोफेवाला म्हणाला, ते खरं आहे, आणि त्यानं कानावरची पेन्सिल काढली. मी हातात मापाची टेप धरून उभी होते. ती मला गुंडाळता येईना. वर्षश्राद्ध वैशाखात होतं. पावसाळा त्यानंतर येतो.

आई आत गेली आणि मला भांडी लावण्याचा आवाज ऐकू येत राहिला.

वर्षश्राद्धाला भंडाऱ्याकडची नातेवाईक मंडळी आली, भाऊ आला. नवं काहीच आणलेलं नव्हतं. फाटक्या सोफ्यावर धुतलेली चादर घातली होती आणि बाबांच्या खुर्चीची नुसती फळी होती, तिच्यावर कोणी तरी आपली पिशवी ठेवली होती. जेवणं झाली, पाहुणे पडले, तेव्हा भावानं आईला विचारलं. तिकीट केव्हाचं काढू, असं विचारलं. येतेस का असं नाही. मी पानं उचलत होते, ती तशीच हातात राहिली.

"येईन ना," आई म्हणाली. "दिवाळीले येईन, पंधरा दिवस. नातवाले पाहाले."

"आई, राहायला म्हणतोय मी."

"राहाले कसं जमन? इथं कपडा सांगून ठेवला हाय."

भावाला आधी वाटलं ती थट्टा करतेय. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ताई, हे तुझं काम आहे का?"

"मी तपकिरी निवडलं होतं," मी म्हटलं.

थोड्या वेळानं मी पाहिलं तर भाऊ अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होता, आणि या वेळी कानाला फोन नव्हता. त्यालाही बाबांचं काही तरी हवं होतं, आणि त्याच्यासाठी ते आईला जवळ ठेवणं होतं. हे मला त्याच्या चालण्यावरून कळलं; त्यानं सांगितलं नाही. निघताना त्यानं कठड्यावरचा गंजक्या रंगाचा तुकडा उचलला, उलटसुलट पाहिला आणि खिशात टाकला.

खोळी आल्या त्या मृगाच्या थोडं आधी. सोफेवाल्यानं फळीवर एकच नवा थर घातला होता, काथ्याचा, पाणी धरू नये म्हणून. खुर्ची बुटकी झाली होती. फिक्या कापडात ती ओळखू येत नव्हती. मला ती आवडली नाही, हे इथं लिहून ठेवते. मला अजूनही कधी कधी ती आवडत नाही.

त्या संध्याकाळी आई चहाचे दोन कप घेऊन व्हरांड्यात आली. एक मोढ्यावर ठेवला, माझ्यासाठी असावा. दुसरा हातात घेऊन ती खुर्चीवर बसली. तिचे दोन्ही तळवे फरशीला टेकले. रस्त्यावरून कोणी तरी सायकलवर गेलं, तिनं त्याच्याकडे पाहिलं. मी दारात उभी होते आणि मला वाटलं, आता ही बसली, आता मीही बसेन.

तिनं खुर्चीच्या हातावरच्या कापडावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरून पाहिलं. मग कप खाली ठेवून उठली. आतून फडकं घेऊन आली. ते मरोद्याच्या कापडाचं होतं, सगळ्यात खालच्या थराचं. धड होता तेवढा भाग तिनं चौकोनी कापून, कडा दुमडून घेतल्या होत्या. तिनं खुर्चीचा हात पुसला, मग दुसरा हात, मग पाठ. मी मोढ्यावरचा कप उचलला आणि तिचं पुसून होईपर्यंत उभीच राहिले.